पाच ग्रॅमचा हात: क्रेनिओसेक्रल थेरपीचं एक सत्र, पायरीपायरीने

क्रेनिओसेक्रल थेरपी बाजूला उभं राहून पाहिली तर काही घडतंय असं वाटतच नाही. एक माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी उताणा पडलेला, दुसरा त्याच्या डोक्याशी बसून दोन्ही तळवे कवटीखाली सारून पाच-सात मिनिटं गप्प. तेल नाही, चोळणं नाही, हाडं कडकड वाजवणं नाही. मसाजची सवय असलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत हमखास विचारतो, "सुरू कधी करणार?" तेव्हा सत्र निम्मं होत आलेलं नसलं तरी सुरू केव्हाच झालेलं असतं.

ज्यांना असं सत्र घ्यायचंय आणि ज्यांना घरातल्या निरोगी मोठ्या माणसावर हलका हात ठेवायला शिकायचंय, त्या दोघांसाठी हा लेख आहे. पेशंटवर उपचार करायचे असतील तर लेख वाचून भागणार नाही, त्यासाठी हाताखाली शिकावंच लागतं.

नावातच सगळं आहे

क्रेनियम म्हणजे कवटी. सेक्रम म्हणजे त्रिकास्थी, कण्याच्या तळाशी पाच मणके एकजीव होऊन बनलेलं त्रिकोणी हाड. बरेच जण याला माकडहाड समजतात. माकडहाड त्याच्याही खाली, अगदी टोकाला असतं. हात चुकीच्या जागी जाऊ नये म्हणून हा फरक आधीच डोक्यात पक्का असलेला बरा.

या दोन टोकांना जोडतात ती मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीची आवरणं. त्यातलं सगळ्यात बाहेरचं, जाड आणि चिवट आवरण म्हणजे ड्यूरा. कवटीच्या तळाला जे मोठं छिद्र असतं, त्याच्या कडेला ते घट्ट चिकटलेलं असतं. मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांशी त्याची जोडणी असते, आणि मग खाली त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर. मधल्या लांबीत ते बरंच सैल असतं. आवरणांच्या आत मेंदू ज्यात तरंगतो तो पाण्यासारखा नितळ द्रव असतो, साधारण १२५ ते १५० मिलीलीटर. शरीर दिवसाकाठी सुमारे ५०० मिलीलीटर नवा द्रव तयार करतं आणि जुना शोषून घेतं, म्हणजे तो दिवसातून तीन-चार वेळा बदलला जातो.

इथपर्यंत कोणताही डॉक्टर मान डोलावेल. वाद यापुढे आहे.

मूळ कल्पना आणि तिची पडकी बाजू

विल्यम सदरलँड हा अमेरिकेतल्या कर्क्सव्हिलच्या ऑस्टिओपथी कॉलेजातला विद्यार्थी. ऑस्टिओपथी म्हणजे हाडं, सांधे आणि स्नायूंवर हाताने उपचार करण्याची पद्धत. १८९९ च्या सुमारास सुट्या केलेल्या कवटीकडे पाहताना कानशिलाच्या हाडाची तिरपी कड त्याला माशाच्या कल्ल्यासारखी वाटली. कल्ला असेल तर हालचाल असणार, या एका विचारावर त्याने पुढची कित्येक वर्षं घालवली, स्वतःच्या डोक्याला पट्टे बांधून प्रयोग केले आणि १९३९ मध्ये छोटं पुस्तक छापलं. पुढे जॉन अपलेजर या ऑस्टिओपथी डॉक्टरने १९७० च्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठात यावर काम केलं, दहा पायऱ्यांची पद्धत बसवली आणि १९८५ मध्ये फ्लोरिडात शिकवण्यासाठी संस्था काढली. 'क्रेनिओसेक्रल थेरपी' हे नाव त्याचं. आज जे शिकवलं जातं त्यातलं बरंचसं अपलेजरच्या पायऱ्यांवर बेतलेलं असतं. दुसरी शाखा बायोडायनॅमिक म्हणवते. त्यात पायऱ्या कमी आणि थांबून राहणं जास्त.

दावा असा, की द्रवाच्या भरती-ओहोटीबरोबर कवटीची हाडं आणि त्रिकास्थी मिनिटाला ६ ते १२ वेळा अगदी किंचित हलतात, हा ताल हाताला कळतो, आणि तो जिथे अडतो तिथे हलका हात ठेवून मोकळा करता येतो.

आता अडचणी. सदरलँडच्या मते कवटीच्या तळाशी ज्या सांध्यावर मुख्य झोका बसतो, तो सांधा किशोरवय संपतासंपता हाड होऊन बंद होतो. सशांच्या कवटीवर ५ ते २० ग्रॅम जोर लावून पाहिला तेव्हा कवटीच्या हाडांमधला सांधा हलला नाही आणि आतला दाबही बदलला नाही. एकाच पेशंटचा ताल दोन थेरपिस्टनी मोजला तर आकडे जुळत नाहीत, हे तर पुनःपुन्हा दिसलं आहे. मेंदूभोवतीचा द्रव हलतो हे खरं, पण तो हृदयाच्या ठोक्यांनी आणि श्वासाने हलतो, हे एमआरआयवर स्पष्ट दिसतं. शिवाय रक्तवाहिन्यांच्या आकुंचन-प्रसरणाची एक संथ लाट असते, मिनिटाला साधारण सहा वेळा. हाताला काही जाणवतच असेल तर ती लाट जाणवण्याची शक्यता आम्हाला हाडांच्या हालचालीपेक्षा जास्त वाटते.

मग गुण येतो का? २०१६ मध्ये मानेच्या जुन्या दुखण्याच्या ५४ जणांवर एक नेटकी चाचणी झाली. आठवड्याला एक अशी आठ सत्रं. निम्म्यांना ही थेरपी, निम्म्यांना नुसताच हलका स्पर्श. थेरपीच्या गटाचं दुखणं जास्त कमी झालं आणि तीन महिन्यांनीही फरक टिकला. पण हात ठेवणाऱ्याला आपण खरं देतोय की खोटं हे माहीत असतंच, ही अशा चाचण्यांची न सुटणारी गोम आहे. सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर २०२० च्या एका विश्लेषणाला जुनाट दुखण्यात फायदा दिसला, २०२४ च्या दुसऱ्याला दिसला नाही.

एवढं सगळं सुरुवातीलाच सांगण्याचं कारण व्यवहाराचं आहे. हाड हलवायला निघालेला हात जोर लावतो. हाड हलणार नाही हे ज्याला ठाऊक आहे तो स्नायू सैल पडण्याची आणि श्वास लांबण्याची वाट पाहतो. या कामात कमावायचं ते हेच आहे.

आधी हात तयार करा

'पाच ग्रॅम' हा या थेरपीतला परवलीचा आकडा. तो ऐकून कळत नाही, हाताला शिकवावा लागतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल वजनकाटा घ्या. कोपर टेबलावर टेकवा, मधली तीन बोटं काट्यावर ठेवा आणि 'अगदी हलका' वाटेल असा स्पर्श करा. आकडा बघा. पहिल्यांदा तो बहुधा तीस-चाळीसच्या पुढे असतो. आता काट्याकडे पाहत पाचवर आणा आणि तिथेच दोन मिनिटं टिकवा. पंधरा-वीस सेकंदांत आकडा हळूच चढायला लागेल, कारण लक्ष उडालं की खांदा सैल पडतो आणि त्याचं वजन बोटांत उतरतं. डोळे मिटून पाच ग्रॅमवर या, मग उघडून आकडा तपासा. रोज पाच मिनिटं, आठवडाभर. हा सराव टाळून थेट माणसावर हात ठेवणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी दाबतात.

एक खुलासा मात्र कुणी सहसा करत नाही. मोठ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते तुमच्या तळव्यांवर असताना स्पर्श पाच ग्रॅमचा कसा राहील? राहत नाही. पाच ग्रॅम म्हणजे त्या वजनावर तुम्ही *स्वतःहून* जेवढा जोर घालता तेवढा. वजन त्याचं, जोर तुमचा. हा फरक कळला की निम्मा गोंधळ संपतो.

दुसरा सराव जोडीदाराबरोबर. त्याच्या दोन्ही मांड्यांवर, कपड्यांवरूनच, तळवे टेकवून बसा. आधी श्वास ओळखा, मिनिटाला १२ ते २० वेळा. मग नाडी, ६० ते १००. मग आपल्याच बोटांच्या टोकांतली नाडी वेगळी काढा, कारण नवख्याला जोडीदाराची म्हणून जी धडधड लागते ती पुष्कळदा स्वतःची असते. शंका आली तर जागच्या जागी वीस उड्या मारून पुन्हा हात ठेवा. ठोके वाढले तर ते तुमचे. हे तिन्ही बाजूला ठेवून आणखी काही संथ जाणवलं तर जाणवलं. नाही जाणवलं तरी पुढच्या एकाही पायरीवाचून अडत नाही.

कुणावर हात ठेवायचा नाही

डोक्याला नुकताच मार लागलेला, कवटीला तडा, मेंदूतला रक्तस्राव, नुकताच झालेला पक्षाघात, रक्तवाहिनीला फुगा असल्याचं निदान, डोक्यातला दाब वाढलेला, मेंदूतलं पाणी काढण्यासाठी नळी बसवलेली, पाठीतून पाणी काढून किंवा पाठीत भूल घेऊन थोडेच दिवस झालेले, द्रव गळत असल्याची शंका, मेंदूचा खालचा भाग मानेकडे उतरलेला असण्याचा जन्मजात दोष: यातलं काहीही असेल तर नाही. सांधेवातामुळे मानेचे वरचे मणके सैल झाले असतील तर डोक्याशी काम नाही.

अचानक आलेली आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, ताप आणि ताठलेली मान, एका अंगाला अशक्तपणा, बोलताना जीभ अडखळणं, एकाचे दोन दिसणं, मार लागल्यानंतर उलट्या. अशा वेळी टेबल उघडायचं नाही, दवाखाना गाठायचा.

तान्ह्या बाळांबद्दल स्पष्टच लिहितो. पोटशूळ, सतत रडणं, अंगावर न पिणं यासाठी ही थेरपी जोरात विकली जाते. बाळाची टाळू उघडी असते आणि मान स्वतःचं डोकं पेलत नाही. नेदरलँड्समध्ये क्रेनिओसेक्रल थेरपिस्ट म्हणवणाऱ्याने मान आणि पाठ जोराने वाकवल्यावर तीन महिन्यांचं बाळ दगावल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. तो हलका स्पर्श नव्हताच, पण पाटीवर नाव हेच होतं. बाळाला काही होत असेल तर बालरोगतज्ज्ञ. घरी प्रयोग अजिबात नको.

जागा, टेबल, तयारी

मसाजचं टेबल असेल तर उत्तम. नसेल तर जमिनीवर जाड गादी चालते, पण मग हात ठेवणाऱ्याने भिंतीला पाठ टेकून बसावं, नाहीतर दहा मिनिटांत कंबर बोलायला लागते. पलंग टाळा, मऊ गादीत कोपर रुततात. स्टूलवर बसल्यावर तुमचं कोपर आणि टेबलाचा पृष्ठभाग एका पातळीत यायला हवा. टेबल उंच असेल तर खांदे वर चढतात, आणि चढलेल्या खांद्यांचा हात हलका राहूच शकत नाही.

झोपणाऱ्याने लघवीला जाऊन यावं आणि पोटभर जेवल्यावर किमान दीड तास जाऊ द्यावा. चष्मा, कानातलं, गळ्यातलं, केसांचा चाप, पट्टा, खिशातली किल्ली आणि फोन काढून ठेवायचे. केसांची गाठ सोडायची. गुडघ्यांखाली गुंडाळलेली रजई घातली की कंबर टेबलाला टेकते. अंगावर चादर हवीच, स्थिर पडल्यावर अंग गार पडतं आणि थंडी वाजणारा माणूस सैल होत नाही. गरोदर बाईला पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपवू नका. डाव्या कुशीवर, पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये उशी देऊन जेवढं जमेल तेवढंच करा.

तुमची नखं बोटाच्या आत हवीत. पाचवी पायरी करताना याचं महत्त्व दोघांनाही कळेल. हात कोमट करा.

सुरू करण्याआधी कुठे कुठे हात ठेवणार ते तोंडाने सांगा. ओटीपोटाचा भाग वगळायचा का, हे विचारा आणि 'हो' आलं तर कारण विचारू नका. "मध्येच नको वाटलं तर नुसता हात वर करा" एवढं बोलून ठेवलं की दोघंही निर्धास्त.

सत्र: साधारण पन्नास मिनिटं

*पहिली पायरी, टाचा. तीन मिनिटं.* पायांशी बसा, दोन्ही टाचा तळव्यांच्या वाटीत घ्या. ओढू नका, उचलू नका. उजवा-डावा पाय बाहेर किती कलतो, श्वास छातीत चाललाय की पोटात, जबडा आवळलेला आहे का, एवढं टिपा. शेवटी पुन्हा इथेच येऊन तुलना करायची आहे.

*दुसरी, ओटीपोट. चार मिनिटं.* गुडघे वाकवायला सांगा, कंबर किंचित उचलली की एक तळवा आडवा, त्रिकास्थीखाली सारा. दुसरा बेंबीखाली चार बोटांवर, दोन जांघांमधल्या हाडाच्या वरच्या बाजूला. झोपणाऱ्याला अवघड वाटत असेल तर वरचा हात त्याचा त्यालाच ठेवू द्या, तुम्ही फक्त खालचा ठेवा. दोन हातांमध्ये ओलं कापड अलगद धरलंय इतकाच स्पर्श. दोन-तीन मिनिटांत हाताखाली ऊब येते, पोटात गुडगुडतं. ते चांगलं लक्षण. खालच्या हाताला मुंग्या आल्या तर मनगट टेबलाच्या कडेवर दुमडलेलं आहे असं समजा, कोपर खाली आणा.

*तिसरी, श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा. चार मिनिटं.* खालचा हात पाठीमागे, शेवटच्या बरगड्या जिथे कण्याला मिळतात तिथे. वरचा छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली, वरच्या पोटावर. टोकावर नाही, ते नाजूक असतं. इथे एकच चूक होते: श्वासाबरोबर वर येणारं पोट हात नकळत खाली धरून ठेवतो. हात श्वासावर तरंगू द्या, पाण्यावरच्या पानासारखा.

*चौथी, छातीचा वरचा भाग. तीन मिनिटं.* खालचा हात मानेच्या बुडाशी, डोकं पुढे वाकवल्यावर जो मणका ठळक लागतो त्याच्याखाली. वरच्या हाताचा अंगठा आणि बोटं पसरून दोन्ही हासळ्यांच्या खाली. तळव्याची कड गळ्याकडे सरकली की माणूस गिळायला लागतो. गिळतोय असं दिसलं की हात दोन बोटं खाली घ्या. अपलेजरच्या क्रमात यानंतर गळ्यातल्या छोट्या हाडाची पायरी येते. शिकल्याशिवाय गळ्याशी जाऊ नये, म्हणून इथे ती गाळली आहे.

*पाचवी, कवटीचा पाया. सात ते आठ मिनिटं.* पूर्ण सत्रातली एकच पायरी करायची असेल तर ही करा. मानेचा वरचा भाग ज्यांचा दिवसभर स्क्रीनसमोर ताठलेला असतो त्यांना बाकी काही नाही तरी एवढं लागू पडतं, आणि त्यासाठी कवटी हलते असं मानण्याची गरज नाही. कवटीखालचे छोटे स्नायू सैल पडणं एवढं स्पष्टीकरण पुरतं.

डोक्याशी बसा. दोन्ही हातांच्या पाठी टेबलावर, तळवे वर. डोकं आधी तळव्यांत घ्या आणि अर्धं मिनिट नुसतं धरा, त्याला विश्वास बसू द्या. मग बोटांची टोकं खाली सरकवत जा. आधी टणक हाड लागतं, मग कड येते, आणि कडेखाली लगेच मऊ खळगा. तिथे थांबा. आता आठही बोटं छताकडे उभी करा. डोक्याची मागची बाजू बोटांच्या टोकांवर, तळवे रिकामे, डोकं तळव्यांपासून दोन-तीन सेंटीमीटर वर. तुम्ही ढकलत नाही, बोटं खांबासारखी उभी आहेत एवढंच. डोकं स्वतःच्या वजनाने त्यांच्यात बुडेल.

पहिलं मिनिट टोचल्यासारखं वाटतं, हे आधीच सांगून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटात बोटांखालचं दोरीसारखं ताठ काहीतरी विरघळल्यासारखं होतं, बहुधा एका बाजूला आधी. डोकं जड होतं आणि तळव्यांत येऊन टेकतं. ते टेकेपर्यंत बोटं काढू नका. टेकल्यावर बोटांच्या टोकांनी डोकं स्वतःकडे ओढल्याचा *विचार* करा. विचार पुरतो, हात आपोआप तेवढंच ओढतो.

बिघडतं ते असं. बोटं फार खाली गेली तर ती मणक्यावर येतात आणि माणूस कपाळाला आठ्या घालतो, अशा वेळी अर्धं बोट वर या. बोटं थरथरायला लागली तर कोपर हवेत आहेत, ते टेबलावर टेका. हनुवटी छताकडे उचलली गेली असेल तर मान मागे मुडपली आहे, आणि चक्कर याचमुळे येते. तळव्यांखाली घडी घातलेला टॉवेल सारून डोकं सरळ करा, तरी चक्कर असेल तर पायरी सोडून द्या. माणूस 'मदत' म्हणून डोकं स्वतःच धरून ठेवत असेल तर "सैल सोडा" म्हणून उपयोग नसतो, सैल सोडा म्हटल्यावर कोण सैल झालंय? त्याऐवजी श्वास सोडताना टाचा टेबलात रुतवायला सांगा, लक्ष पायांकडे गेलं की मान सुटते.

*सहावी, डोकं आणि त्रिकास्थी एकत्र. पाच मिनिटं.* याच्यासाठी कुशीवर वळवा, डोक्याखाली उशी. मागे बसून एक तळवा कवटीच्या मागच्या भागावर, दुसरा त्रिकास्थीवर, बोटं माकडहाडाकडे. दोन्ही हात एकमेकांपासून दूर जाताहेत एवढीच कल्पना. ड्यूराच्या दोन टोकांना धरलंय, असं इथे मानतात. पाच ग्रॅमनी ते ताणलं जात नाही, पण पाठीच्या दोन टोकांना शांत आधार मिळाला की पुष्कळांना इथे डुलकी लागते. लागू द्या.

*सातवी, कपाळ. तीन मिनिटं.* पुन्हा उताणं. अनामिकेची टोकं भुवयांच्या बाहेरच्या टोकाशी जो हाडाचा कंगोरा लागतो त्यावर, बाकी बोटं कपाळावर, अंगठे हवेत. त्वचा छताकडे उचलल्यासारखी, वजनकाट्यावरचे पाच ग्रॅम आठवून. डोळ्यांवर सावली पडली तरी काहींना त्रास होतो, म्हणून हात बाजूने आणा, वरून नाही.

*आठवी, डोक्याचा वरचा भाग. तीन मिनिटं.* बोटांची टोकं कानांच्या वर दोन बोटं अंतरावर. क्षणभर आत, मग टाळूच्या दिशेने हलकी ओढ. बोटं खाली घसरून कानशिलांवर आली तर ती दाबली जातात आणि सत्र संपल्यावर डोकं ठणकतं. 'थेरपीनंतर डोकं दुखलं' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

*नववी, कान आणि जबडा. चार मिनिटं.* अंगठा कानाच्या पाळीच्या आतल्या बाजूला, तर्जनी मागे, आणि दोन्ही कान बाहेर व किंचित मागे, तिरके. लहानपणी मास्तरांनी पिरगळलेला कान विसरायला लावेल इतका हलका. मग तळवे जबड्याच्या दोन्ही कडांवर टेकवून पायांच्या दिशेने तेवढीच ओढ. दात एकमेकांवर असतील तर "जीभ टाळूला लावा" म्हणा, ते सुटतात. तोंडात बोट घालून करायच्या पायऱ्याही असतात, त्या हातमोजे घातलेल्या प्रशिक्षित माणसासाठी.

*दहावी, थांबा. पाच ते सात मिनिटं.* याला थेरपिस्ट सीव्ही-४ म्हणतात, मेंदूतल्या चौथ्या पोकळीवरून पडलेलं नाव. एक हात दुसऱ्यात ठेवा, अंगठ्यांची टोकं जुळवून व्हीचा आकार करा. अंगठ्यांखालचे दोन मांसल उंचवटे कवटीच्या मागच्या फुगीर भागाला लागतील असं डोकं त्यावर ठेवा. अंगठ्यांची टोकं मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याशी येतात. उंचवटे कानामागच्या हाडांच्या बरेच आत हवेत, त्या हाडांवर गेले तर हात आत घ्या. दाबायचं नाही. काही वेळाने एक लांब उसासा येतो, श्वासांमधलं अंतर वाढतं, पापण्यांची थरथर थांबते. याला ताल थांबण्याचा क्षण म्हणतात. तालाचं काहीही असो, हा उसासा बाहेरून दिसतो आणि तो आला की काम झालं.

परत टाचांशी जा, अर्धं मिनिट धरा, हात काढा.

उठणं

इथे घाई केली की तासाभराची कमाई भोवळीत जाते. पन्नास मिनिटं आडवं पडून एकदम उठलं की रक्तदाब उतरतो. आधी बोटं हलवायची, मग कुशीवर, मग हाताने रेटा देऊन बसायचं, पाय खाली सोडून दोन मिनिटं तसंच. घोटभर पाणी. गाडी चालवायची असेल तर पंधरा मिनिटं थांबून.

त्या दिवशी झोप येणं, अंग जड वाटणं, एखादा दिवस मान थोडी दुखणं चालतं. दोन दिवसांहून जास्त डोकं दुखलं, चक्कर राहिली किंवा हातापायात मुंग्या आल्या तर डॉक्टरांना दाखवा. 'बरं होण्याआधी दुखणं वाढतं' या वाक्याखाली असल्या गोष्टी झाकू नका.

कधीकधी सत्राच्या मध्येच डोळ्यांतून पाणी येतं. शांत खोली, स्थिर हात, कुणीतरी काही न मागता तासभर जवळ बसलेलं. पाणी यायला एवढं पुरतं. हात तसाच ठेवा, रुमाल हाताशी द्या, थांबायचं का विचारा. काय आठवलं, कुणामुळे, असं उकरू नका. शरीरात अडकलेली जुनी आठवण हाताने बाहेर काढतो म्हणणारे आहेत. ते काम समुपदेशकाचं आहे.

एकट्याने: मोज्यातले दोन चेंडू

दोन टेनिसचे चेंडू एका मोज्यात घालून एकमेकांना चिकटतील अशी गाठ मारा. उताणं पडून ते कवटीच्या मागे, कानांच्या मध्याच्या रेषेत ठेवा, एकेक चेंडू मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना. मानेच्या खळग्यात ठेवू नका, ही नेहमीची चूक आहे. डोकं घसरत असेल तर मोज्याखाली टॉवेल घाला. दहा मिनिटं, जास्तीत जास्त पंधरा. गजर लावा, कारण त्यावर झोप लागली तर उठल्यावर डोक्याची मागची बाजू बधिर असते. चेंडू टणक वाटले तर जुने, मऊ झालेले घ्या किंवा हातरुमालाची गुंडाळी करा. ज्यांच्यावर हात ठेवायचा नाही अशांची वर दिलेली यादी इथेही तशीच लागू.

थेरपिस्टकडे जायचं तर

हे काम करणारे काही दिवसांची कार्यशाळा केलेलेही असतात आणि दोन वर्षं शिकलेलेही, पाटी सारखीच. म्हणून थेट विचारा: किती तास शिकलात, मूळ शिक्षण फिजिओथेरपीचं, नर्सिंगचं की आणखी कशाचं, माझा आजार कळल्यावर तुम्ही कुणाकुणाला परत पाठवता? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर उठा. आजारांची लांबलचक यादी लावून सगळंच बरं करतो म्हणणारा, चालू औषधं बंद करायला सांगणारा, दहा सत्रांचे पैसे आगाऊ मागणारा, हेही टाळा.

पहिल्या सत्राआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: दुखणं दहापैकी किती, रात्री किती वेळा जाग येते, आठवड्यात वेदनाशामक गोळ्या किती. प्रत्येक सत्रानंतर तिसऱ्या दिवशी तेच आकडे पुन्हा. सत्राच्या दिवशी लिहू नका, त्या दिवशी सगळ्यांनाच बरं वाटतं. चार सत्रांत कागदावरचे आकडे हलले नाहीत तर पाचवं घेऊ नका.